[मंडळ-यादी] विदर्भ दालन: होकायंत्राच्या टेबलाचं काय ठरलं?

प्रेषक: दालन-संयोजक

मंडळी, गुरुवारी फलक छपाईला जातायत आणि होकायंत्राचं टेबल अजून अधांतरीच. कार्यकारिणीचं म्हणणं एकच आहे: टेबलावर जे सांगाल ते तिथल्या तिथे दिसलं पाहिजे. सगळीकडे फिरणारा तो व्हिडिओ (‘लोणारला होकायंत्र चालतच नाही, काटा गरगर फिरतो’) तसाच पडद्यावर लावायचा, की काट्याजवळ विदर्भातला दगड ठेवून काटा किती हलतो ते प्रत्यक्ष दाखवायचं? दगड हवा असेल तर दादा मेहकरला आहेत तोवरच सांगा, १९ तारखेला इकडे इंग्लंडला यायला निघतायत. मजकूर ४० शब्दांच्या आत.

प्रेषक: दादा, सध्या मुक्काम मेहकर

गोट्याचं काय, आनतो ना बाप्पा. पन लोणारचा मांगू नका. तळ्याभवती अभयारण्य हाये, तिथून गोटा उचलाची परवानगी नाई. आमच्याइकडे नव्या विहिरीचा ढीग बांधावर पडेल हाये, त्यातला देतो. वरचा मुरूम पाह्यजे, मंधातला मांजऱ्या (भोकाभोकाचा), का खालचा काळा पाषाण? आन् वजन सांगा. ब्यागीत तीन किलोच्या वर जागा नाई, बाकी सांडगे-कुरुड्यायनं भरली.

प्रेषक: भूगर्भवाले काका

दादा, खालचा काळा पाषाण. ताजी फूट, घट्ट दाणा. साधारण दहा सेंटिमीटर लांब-रुंद-उंच तुकडा तीन किलोच्या आत बसतो. मांजऱ्या नको: त्याच्या पोकळ्या झिओलाइट नावाच्या खनिजाने भरलेल्या असतात, त्यात चुंबकी खनिज नसतं, म्हणजे वजन तेवढंच आणि परिणाम कमी. मुरूम तर नकोच. कुजलेल्या दगडातलं मॅग्नेटाइट (चुंबकी लोहखनिज) ऑक्सिडीकरणाने बदलून गेलेलं असतं.

फ्रिजचं चुंबक लावून ‘ओढतो का’ बघायचं नाही. घरात पोरं असतील तर त्यांनाही सांगा. लाव्हा थंड होताना दगडात जे चुंबकत्व बसलं ते चुंबकाच्या एका स्पर्शाने पुसलं जातं आणि त्याच्या जागी त्या चुंबकाचंच बसतं. मग टेबलावर आपण बुलढाण्याचा दगड नाही, फ्रिजचं चुंबक दाखवत असू. ग्राइंडरनेही कापू नका. कापताना लोखंडाचा भुगा बसतो, तो काटा ओढतो. छिन्नीच्या टोकाची चकाकी दिसली तर ती बाजू घासून काढा.

माती औषधालाही राहता कामा नये. भारतातून इकडे माती आणायला बंदी आहे आणि कस्टमवाले दगडाच्या खोबणीतही बघतात. ताठ ब्रशने घासा, दोन पाण्यांतून काढा, उन्हात वाळवा. केबिनच्या बॅगेत ठेवलात तर सुरक्षा तपासणीत अडवतील, तेव्हा मोठ्या बॅगेतच टाका.

आणि व्हिडिओ लावायचा नाही. काटा गरगर फिरत नाही. बेसॉल्टचा, म्हणजे याच काळ्या पाषाणाचा, असा तुकडा दहा सेंटिमीटरवर धरला तर काटा एक-दोन अंश, फार तर तीन अंश सरकतो. खडकावर कधी वीज कोसळली असेल तर तेवढ्या जागेपुरता दगड जोरात चुंबकित होतो आणि काटा चांगलाच हटतो, हे खरं. पण लोणार काय नि वेरूळ काय, कुठल्याही बेसॉल्टच्या टेकडीवर हे घडू शकतं. त्याचा विवराशी संबंध नाही. व्हिडिओतला काटा फोनमधला आहे आणि त्या फोनच्या मागे चुंबकाच्या बंदाचं कव्हर दिसतंय, सातव्या सेकंदाला थांबवून बघा.

प्रेषक: फलक व छपाई

काका, माहिती उत्तम, पण मजकूर फलक-समिती लिहिते. यावरून गेल्या वर्षी काय झालं ते सगळ्यांच्या लक्षात आहे.

लोणारच्या तळ्याच्या गुलाबी पाण्याच्या फोटोचं मात्र कुणी बोलतच नाही. जो आलाय तो व्हॉट्सॲपवरून आलेला, लांब बाजू १६०० पिक्सेल. मला २० बाय ३० इंचाचा फलक १५० डीपीआयने (इंचाला १५० ठिपके) छापायचा म्हणजे ३००० बाय ४५०० पिक्सेल लागतात. शिवाय ड्रोनवाल्याचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय लावणार नाही.

प्रेषक: भूगर्भवाले काका

वहिनी, उपग्रहाचा घ्या. २५ मे आणि १० जून २०२० ची लँडसॅट-८ ची जोडी नासाने प्रसिद्ध केली आहे. एकात हिरवं, दुसऱ्यात गुलाबी. श्रेय दिलं की वापरता येते. पण मोठी करायला जाऊ नका. लँडसॅटचा एक ठिपका जमिनीवर ३० मीटरचा आणि तळं सव्वा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आडवे चाळीसेक ठिपके. पोस्टर केलंत की नुसते चौकोन दिसतील. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाचा ठिपका १० मीटरचा, त्याचा फोटो कोपर्निकसच्या ब्राउझरवर (युरोपच्या उपग्रह-चित्रांच्या संकेतस्थळावर) फुकट मिळतो. जून २०२० चे ढग नसलेले दिवस शोधावे लागतील. तरी आठ-दहा सेंटिमीटर रुंदीवर थांबा आणि दोन्ही शेजारी शेजारी छापा. एकटा गुलाबी फोटो म्हणजे पुन्हा ‘रंग भरलाय’ अशी शंका.

खाली कारण लिहा: पाणी आटलं, खारटपणा वाढला, मिठात वाढणारे सूक्ष्मजीव माजले आणि त्यांच्यातलं गुलाबी रंगद्रव्य दिसू लागलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हेच सांगितलं. लोणार म्हणजे ‘जगातलं एकमेव बेसॉल्टमधलं विवर’ (उल्का आदळून झालेलं) हे फलकावरचं वाक्य तेवढं काढा. ब्राझीलला वार्झेआव आणि व्हिस्ता आलेग्रे ही दोन आहेत. आणि वय ‘५२ हजार वर्षं’ एवढंच छापू नका. तो आकडा थर्मोल्युमिनेसन्सचा (दगड तापवल्यावर निघणाऱ्या उजेडावरून वय काढतात). नंतर आरगॉन पद्धतीने (दगडात साठलेला आरगॉन वायू मोजून) सुमारे ५ लाख ७० हजार आलं. दोन्ही द्या.

प्रेषक: हॉल-व्यवस्था

४० शब्दांत दोन्ही वयं बसत असतील तर बसवा. माझा प्रश्न वेगळा आहे. हॉलची घडीची टेबलं सगळी लोखंडी पायांची. काटा त्यांच्याकडेच जाणार ना? लाकडी टेबल एकच आहे, ते नावनोंदणीला दिलंय.

प्रेषक: खाद्यसमिती

लाकडी टेबल नावनोंदणीला नाही, रोडग्यांना दिलंय. जुलैच्या बैठकीचं इतिवृत्त पाहा.

प्रेषक: फलक व छपाई

रोडगे नक्की होतायत का? गोवऱ्या पेटवल्या की हॉलचा धुराचा भोंगा वाजणार.

प्रेषक: खाद्यसमिती

गोवऱ्या कुठल्या आल्यात इथे, ताई! ओव्हनच. कणीक जाडसरच हवी. इकडचं बारीक पीठ घेतलं तर रोडगा आतून चिवट राहतो. दोन वाट्या पिठाला अर्धी वाटी रवा आणि कडकडीत तेलाचं मोहन. छोट्या पाऱ्या तेल लावून एकावर एक ठेवायच्या, बाहेरून एका पारीने बंद करायचं. २०० अंशावर पंचवीस मिनिटं, मग उलटून पंधरा. बाहेरून लाल आणि आतून कच्चा निघाला तर समजायचं, थर जास्त झाले. वांग्याची भाजी पातळ ठेवा, नाहीतर रोडगा घशाशी बसतो.

प्रेषक: दादा, सध्या मुक्काम मेहकर

रवा?! बहिरमच्या यात्रेत असं सांगसान त हाकलून देतीन.

प्रेषक: दालन-संयोजक

रोडगे वेगळ्या विषयाखाली न्या, प्लीज. काका, टेबलाचं बोला.

प्रेषक: भूगर्भवाले काका

लाकडी टेबल मिळालं तर उत्तम, नाहीतर लोखंडी टेबलावर दोन रिकामी खोकी रचून होकायंत्र चाळीसेक सेंटिमीटर वर घ्या. आधी दगडाशिवाय उत्तर कुठे येते ते खडूने आखायचं. शेजारी स्पीकर, लॅपटॉप, स्टीलची खुर्ची नको. मग दगड काट्याच्या पूर्वेला, काट्याच्याच उंचीवर धरून जागच्या जागी हळूहळू फिरवा. जिथे काटा सर्वांत जास्त सरकतो तिथे दगडावर बाण काढा. आता दगड अर्धा फेरा उलटा. काटा दुसऱ्या बाजूला गेला तर चुंबकत्व दगडाचं स्वतःचं. दोन्ही वेळा एकाच बाजूला सरकला तर ते स्वतःचं नव्हे, नुसती ओढ.

इंग्लंडात हे मेहकरपेक्षा बरं दिसेल. काटा फिरवणारं पृथ्वीचं आडवं क्षेत्र विदर्भात सुमारे ३८ मायक्रोटेस्ला (चुंबकी क्षेत्राचं एकक), इथे २० च्या आत-बाहेर. तोच दगड काट्याला जवळजवळ दुप्पट हलवतो. होकायंत्र मात्र दादा, तिकडून आणू नका. तिकडचा काटा त्या अक्षांशासाठी तोललेला असतो. इथे त्याचं उत्तर टोक खाली झुकून काचेखाली घासतं आणि अडकतं.

मागच्यांना काटा दिसत नाही, म्हणून फोनवर फायफॉक्स हे मोफत ॲप घेऊन मॅग्नेटोमीटरचा (फोनमधल्या चुंबकी क्षेत्र मोजणाऱ्या सेन्सरचा) आलेख पडद्यावर टाका. फोन पालथा ठेवून स्थिर, दगड आणायचा-न्यायचा. फोन हलवलात तर आलेख फोनचाच येतो. कव्हर काढा!

फलकावर एकच गोष्ट ठळक करा: दख्खनच्या लाव्ह्याचे कित्येक थर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थंड झाले तेव्हा पृथ्वीचं चुंबकी क्षेत्र उलटं होतं. त्या थरांत आजही तेच उलटं उत्तर-दक्षिण नोंदलेलं आहे. विहिरीच्या ढिगातून उचललेल्या सुट्या दगडाची मूळ दिशा कळत नाही, त्यामुळे टेबलावर हे सिद्ध होणार नाही, तसा दावाही नको.

प्रेषक: फलक व छपाई

३८ शब्दांत बसवलं. आकडे काकांनी तपासून द्यावेत, शब्द आमचे.

प्रेषक: हॉल-व्यवस्था

इतिवृत्त पाहिलं. लाकडी टेबल रोडग्यांनाच आहे, पण जेवण साडेसातला. तोवर होकायंत्रवाल्यांनी वापरा, सातला रिकामं करा, आणि खडूच्या रेघा पुसून.