अनुभव धागा: स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी गाडी बाहेरून साफ करणं

व्हिनेगर, खाण्याचा सोडा, तेल, भांड्यांचा साबण: यातलं गाडीच्या रंगाला काय चालतं, काय नाही? प्रमाण, वेळ आणि कुठे फसतं, तेवढं नक्की लिहा.

—

पाण्याचे पांढरे ठिपके म्हणजे जड पाण्यातले क्षार. ते आम्लात विरघळतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घ्या, मऊ फडका भिजवून डागावर एक-दोन मिनिटं ठेवा आणि वाळायच्या आत भरपूर पाण्यानं धुवा. गाडी सावलीत हवी, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. तापलेल्या बॉनेटवर व्हिनेगर लगेच वाळतं आणि स्वतःचाच डाग सोडतं. एवढं करूनही ठिपका गेला नाही, तर तो क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, उतरलेला असतो. तिथे पॉलिशच लागतं.

—

व्हिनेगरमध्ये सोडा घालू नका. फेस पाहून जोरदार वाटतं, पण दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात.

—

डांबराच्या शिंतोड्यांवर खाद्यतेल, कुठलंही. कापसाचा बोळा तेलात भिजवून ५ ते १० मिनिटं डागावर ठेवायचा, मग दाब न देता पुसायचं. जुना थर असेल तर पुन्हा तेच. नखानं खरवडू नका, डांबरात बारीक कच असते आणि तीच ओरखडे काढते. शेवटी तेल धुऊन काढायलाच हवं, नाहीतर तिथे धूळ बसते.

—

ते तेल काढायला भांड्यांचा लिक्विड साबण चांगला, फक्त तेवढ्या भागावर. सगळी गाडी दर वेळी त्यानं धुतली तर वॅक्सही, म्हणजे रंगावरचा मेणाचा संरक्षक थर, उतरतं. नवं वॅक्स लावायच्या आधी मात्र याच गुणासाठी तो मुद्दाम वापरावा: ५ लिटर पाण्यात एक चमचा पुरतो.

—

पक्ष्यांची विष्ठा सुकली असेल तर आधी कोमट पाण्याचा ओला फडका १० मिनिटं झाकून ठेवा. मऊ झाली की वर उचलून घ्या, घासू नका. तिच्यात आम्ल असतं, शिवाय दाण्यांची टरफलं आणि वाळू. उन्हात राहिली तर रंगावर कायमची खूण पडते, म्हणून दिसताक्षणी काढलेली बरी.

—

आणि भांड्यांची हिरवी घासणी कृपया रंगावर नको! तिच्या तंतूंवर घर्षक कण असतात, आणि क्लिअर कोट असतो साधारण ४०-५० मायक्रॉन, केसाहून पातळ. सोड्याची पेस्टही रंगावर घासू नये, चमक मंदावते. ॲल्युमिनियमच्या चाकांनाही सोडा नको, धातू काळवंडू शकतो.

—

काचेला एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी. त्याच फडक्यानं वायपरच्या रबराची कडही पुसून घ्या. काचेवरचे पट्टे बऱ्याचदा तिथल्या मळाचेच असतात.