‘डिटेक्ट’ म्हणजे टिपणे की चाहूल लागणे?

विश्रामबाग : सांगलीतील आमच्या महाविद्यालयाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी मराठीत एक फलक लिहीत आहे आणि पहिल्याच वाक्याला अडले आहे. सिलिकॉनच्या पिक्सेल सेन्सरवर कणांचे चित्र कसे उमटते, हा विषय आहे. “सिलिकॉन चित्रकण-संवेदक (पिक्सेल सेन्सर) कणांचा शोध घेतो,” असे मी लिहिले, तेव्हा फलक रंगवणाऱ्या काकांनी कुंचला हातात धरूनच विचारले, “मॅडम, यातला कोणता कण कोणाला शोधतोय?” त्यांची शंका रास्त आहे. शिवाय शोध घेणारा हिंडतो, आणि हा तर जागेवर बसून असतो. विद्युतभारित कण ३०० मायक्रॉन (म्हणजे ०.३ मिलिमीटर) जाडीच्या चकतीतून आरपार जाताना सुमारे २२,००० इलेक्ट्रॉन जागचे उठवतो; उलट्या दिशेने लावलेल्या विद्युतदाबामुळे ते जवळच्या पिक्सेलकडे ओढले जातात, आणि ठरलेल्या उंबरठ्याहून जास्त भार जमला की त्या पिक्सेलची नोंद होते. इंग्रजी ‘डिटेक्ट’साठी मला “टिपणे” हे क्रियापद सुचते. पाखरू दाणे टिपते, टिपकागद शाई टिपतो, कॅमेरा दृश्य टिपतो, आणि “टिपण” म्हणजे नोंद. “ठिपका”ही याच घरातला असावा, असे मला वाटते. आपले मत काय?

कराड : टिपकागदाने टिपलेली शाई कागदातच राहते, याचा विचार करावा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रकाशाचा फोटॉन सिलिकॉनमध्ये शोषला जातो आणि संपतो, तेव्हा तेथे “टिपणे” अगदी चपखल आहे. पण म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच पण बराच जड कण, आपल्या ऊर्जेचा किरकोळ अंश देऊन पुढे निघून जातो. आमच्या जुन्या घराच्या पत्र्यावरून रात्री मांजर जायचे. ते कधी दिसले नाही, पण पत्रा वाजायचा आणि आजी झोपेतच “गेलं बघ” म्हणायची. याला मराठीत “चाहूल लागणे” म्हणतात, “मांजर टिपले” असे म्हणत नाहीत. टिपले म्हटले तर ते बंदुकीने, असा अर्थ होईल.

वाई : चाहूल हा शब्द ललित लेखात शोभेल, फलकावर नको. चाहुलीत अनिश्चितपणा आहे, आणि येथे तर मोजून भार नोंदवला जातो. मला अधिक खटकतो तो “चित्रकण”. मूळ इंग्रजी शब्द “पिक्सेल” हा “चित्र” आणि “घटक” या दोहोंचा संक्षेप असून, १९६५ साली जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या फ्रेड बिलिंग्स्ले यांच्या लेखनात तो प्रथम छापून आला. त्यात कण कोठेही नाही. “चित्रघटक” म्हणावे. विश्वकोशाच्या गावी वाढल्यामुळे माझा हा हट्ट असेल, पण “संगणक” या शब्दालाही लोक आधी हसलेच होते.

कराड : संगणक टिकला, मान्य, परंतु आपण स्वतः “इलेक्ट्रॉन” वाचून पुढे गेलात, “विजाणू” म्हणा असे सुचवले नाही. पिक्सेल हा शब्द मोबाइल विकत घेणारे शाळकरी पोरही वापरते. त्याला घटक शिकवणे म्हणजे विषयापेक्षा शब्दच जड करणे होय.

तासगाव : दोघांच्याही भांडणात एक गोष्ट निसटते आहे. पडद्यावरचा पिक्सेल हा ठिपका आहे, पण सेन्सरमधला पिक्सेल ठिपका नव्हे. ते साठवणाचे घर आहे. मी शेतकरी असल्याने त्याला “वाफा” म्हणेन. कण दोन वाफ्यांच्या बांधावरून गेला तर भार दोन्हीकडे वाटला जातो, आणि कोणत्या वाफ्यात किती जमले यावरून तो नेमका कोठून गेला हे वाफ्याच्या रुंदीपेक्षाही बारकाईने काढता येते. ठिपक्याला बांध कोठे असतो? सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेतील गटाने विकसित केलेल्या टाइमपिक्स चिपवर अशी २५६ गुणिले २५६ घरे असतात, प्रत्येक ५५ मायक्रॉनचे. किरणोत्सारी पदार्थातून निघालेला अल्फा कण पडला की बरीच घरे एकदम भरून गोल डाग दिसतो, तशाच बीटा कणाची वेडीवाकडी रेघ उमटते, म्युऑनची सरळ. तेव्हा फलकावर दोन शब्द हवेत: भार जमतो ते घर, आणि चित्रात दिसतो तो ठिपका.

वाई : वाफा ही उपमा उत्तम आहे, परिभाषा नव्हे. आणि इलेक्ट्रॉन “जागचे उठले” तर मागे उरलेल्या जागेला, इंग्रजीतल्या “होल”ला, काय म्हणणार? “भोक” लिहिलेत तर सेन्सरला खरेच भोक पडले असे पालक समजतील. “विवर” म्हणावे.

कराड : विवर म्हटले की कृष्णविवर आठवते. “रिक्ती” म्हणावे काय? त्याला मात्र सरकारी नोकरभरतीचा वास येतो.

तासगाव : साखर कारखान्याच्या वजनकाट्यापुढे बैलगाड्यांची रांग पाहावी. पुढची गाडी काट्यावर चढली की तिच्यामागे फट पडते, मागची बैलजोडी पुढे सरकते, आणि फट एकेक गाडी मागे जात शेवटास पोहोचते. एकही गाडी मागे जात नाही, फट मात्र जाते. सिलिकॉनमध्येही इलेक्ट्रॉन एका बाजूला सरकतात आणि ही फट दुसऱ्या बाजूला. एक इलेक्ट्रॉन उठवून अशी एक फट पाडायला सरासरी ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचे अगदी लहान एकक) खर्ची पडतात.

विश्रामबाग : फट मला आवडली. पण काका उद्या सकाळी येत आहेत, आणि क्रियापद अजून ठरलेले नाही. त्यातच सहकाऱ्यांनी नवीन शंका काढली आहे की, केकच्या साच्याचे सिलिकोन आणि चकतीचे सिलिकॉन यांतला फरकही फलकावर लिहावा, कारण दुकानदार दोहोंना सिलिकॉनच म्हणतात.

वाई : त्यासाठी “सिलिकोन” असाच उच्चार कटाक्षाने लिहावा, त्याबद्दल दुमत नसावे. परंतु “फट” चालणार नाही. फट दोन वस्तूंच्या मध्ये असते, आणि दाराची फट कधी सरकल्याचे मी ऐकलेले नाही.

तासगाव : आपण ऊस घेऊन रांगेत उभे राहिला नसाल.