वाऱ्यावर सोडलेलं नाही, पण पाण्याचं काय?

वर कुणीतरी लिहिलंय की ऑस्ट्रेलियात सरकार शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडतं. अगदी तसं नाही. 1992 च्या दुष्काळ धोरणापासून तिथला सूर एवढाच, की दुष्काळ ही आपत्ती नाही, धंद्यातली जोखीम आहे. तयारी ज्याची त्याने करावी. म्हणून चांगल्या वर्षीचं उत्पन्न कर न भरता खास ठेवीत टाकता येतं (मर्यादा माणशी 8 लाख डॉलर), आणि कर लागतो तो पैसे काढाल तेव्हा. माझ्या मते आख्ख्या धोरणातली ही सगळ्यात शहाणी गोष्ट.

पण खरी ठिणगी पडते ती पाण्यावरून. मरे आणि डार्लिंग या तिथल्या मोठ्या नद्यांच्या खोऱ्यात पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा विकता येतो. नदी जगवायची म्हणून केंद्र सरकार ते हक्क विकत घेतं, आणि 2023 च्या कायद्याने त्या खरेदीवरची मर्यादाही उठवली. विकणारा राजीखुशीने विकतो, त्याचं कर्ज फिटतं. पण त्याच कालव्यावर मागे राहिलेल्या शेजाऱ्यांवर देखभालीचा खर्च वाढून बसतो. पाणी गेल्याने पीक घटलं की गावातली भातगिरणी, ट्रकवाले, बियाणांचं दुकान, सगळ्यांच्याच पोटावर येतं. पाण्याच्या हक्काचे पैसे विकणाऱ्याला मिळतात, यांना कोण देणार? नदीही मरू द्यायची नाही हे मान्यच. पण ‘विकणारा राजी आहे ना’ एवढ्यावर कॅनबेराने, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारने, हात झटकणं मला तरी पटत नाही.