रेपो सव्वा टक्क्यानं उतरला, माझा हप्ता तिथंच का?

चिंचवडचा कर्जदार
फेब्रुवारी २०२५ पासून चार वेळा तीच बातमी. रिझर्व्ह बँकेनं रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, ६.५० वरून उतरवत डिसेंबरात ५.२५ वर आणला. दर वेळी बायको विचारते, "आपला किती कमी झाला?" एक रुपयाही नाही. कर्ज २०१७ चं, २८ लाख, २० वर्षं, हप्ता २४,३०४. काल स्टेटमेंट काढलं: बाकी २१.६ लाख, दर ८.९५, उरलेले हप्ते १४६. माझ्या वहीप्रमाणे १३९ हवेत. हे वरचे सात कुठून उगवले?

वहीखातं
मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून ६.५० वर गेला ना, तेव्हा हप्ता तोच ठेवून मुदत ताणली असणार. खात्यातून जाणारी रक्कम तीच, म्हणून आपलं लक्षच जात नाही. २०१७ चं कर्ज बहुतेक एमसीएलआरवर, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या आतल्या दरावर असेल. तो बँकेला ठेवी कितीला पडतात त्यावर ठरतो, त्यामुळे उतरतो सावकाश. त्यात तुमचा रीसेट, म्हणजे कर्जाचा दर नव्यानं ठरणं, वर्षातून एकदा असेल तर बघायलाच नको. १ ऑक्टोबर २०१९ पासूनची नवी कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधलेली. तिथं तीन महिन्यांत एकदा तरी रीसेट व्हावाच लागतो. पण जुनं कर्ज आपणहून तिकडे जात नाही, अर्ज करावा लागतो. ७.९५ पदरात पडला आणि हप्ता हाच ठेवला, तर उरतात १३५. अडीच लाखांच्या वर वाचतात.

डोंबिवली फास्ट नव्हे स्लो
कर्ज बँकेचंच ना? हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर हा २०१९ चा नियम लागू नाही.

निवृत्त बाई
तुमचं होऊ दे कमी. माझी ७.६० ची एफडी ऑक्टोबरात संपली, नवी ६.९० ला करून आले. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ८.२ मिळतात म्हणून थोडे तिकडे टाकलेत. तुमच्या पेढ्यांची साखर आमच्या डब्यातली हो.

चिंचवडचा कर्जदार
बाई, खरंय. माझी आईही हेच म्हणते.

आज शाखेत जाऊन आलो. बँकेचंच आहे, एमसीएलआरच निघाला. अर्ज जेमतेम अर्धं पान, फी जीएसटी धरून ५,९००. काउंटरवरच्या मॅडमनी विचारलं, "हप्ता कमी करू की मुदत?" म्हटलं मुदत. घरी येऊन सगळं समजावलं, अकरा हप्ते वाचणार वगैरे. बायको म्हणाली, "म्हणजे हप्ता तोच."