विश्वास तिसऱ्या पिढीपर्यंत पोहोचत का नाही?

यार्देनकाठ (धागाकर्ता)

बायबलमधलं शास्ते २:१० वाचलं की मला दरवेळी धडकी भरते. इस्राएलाचा पुढारी यहोशवा गेला, त्याच्या बरोबरीची माणसं गेली, आणि पुढे जी पिढी आली तिला परमेश्वराची ओळख नव्हती, त्याने इस्राएलासाठी केलेली कामंही ठाऊक नव्हती. देवाच्या सामर्थ्याने यरीहो शहराचा तट कोसळताना ज्यांनी पाहिला, त्यांच्याच घरातली ही मुलं!

ख्रिस्ती घरांत याचा दोष लगेच मोबाईलवर, मित्रांवर, कॉलेजवर जातो. इस्राएलाच्या आजूबाजूला बआल या कनानी दैवताची पूजा होतीच, पण ती यहोशवाच्या हयातीतही होती. मग बिघडलं कुठे?

मला वाटतं, आपण मुलांच्या हाती विश्वासाची तयार उत्तरं देतो, पण देवाशी आपलं काय चाललंय ते दाखवत नाही. यहोशवा ४ मध्ये यार्देन नदी ओलांडताना तिच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणायला सांगितलं, ते पुढे मुलं "हे धोंडे कसले?" असं विचारतील म्हणून. निर्गम १२ मध्ये वल्हांडणाबद्दल (मिसरातून सुटकेचा सण) तेच, अनुवाद या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात आज्ञांबद्दल तेच. मुलं विचारणार, हे तिथे गृहीतच धरलंय.

आणि आपल्या घरांत? पंधरा वर्षांची मुलगी विचारते, "आजोबांसाठी आपण सगळ्यांनी रोज प्रार्थना केली, मग ते बरे का झाले नाहीत?" उत्तर येतं, "असं बोलू नये, देवाची इच्छा." त्यानंतर ती विचारायचं सोडून देते. कौटुंबिक प्रार्थनेला बसते, डोळे मिटते, आमेन म्हणते. घरच्यांना वाटतं सगळं सुरळीत आहे. पुढे नोकरी लागल्यावर ती उपासनेला येणं बंद करते आणि सगळे म्हणतात, "अचानक काय झालं हिला?"

आईबापांकडे उत्तर नसलं तरी चालेल. स्तोत्र १३ मध्ये दावीदही देवाला "किती काळ?" असंच विचारतो. आपलं हे झगडणं मुलांपासून लपवायचं कशाला?

पहाटेचा पहारेकरी

धागाकर्त्यांचं दुखणं खरं आहे, निदान मात्र मला पटत नाही. प्रश्नांना जागा दिली की मुलं टिकतात, हा आताच्या पालकांचा आवडता समज आहे. याजक एलीचं घर बघा. त्याने आपल्या मुलांना, हफनी आणि फिनहासला, चार शब्द सुनावले होते, "माझ्या मुलांनो, असं करू नका" म्हणाला होता. संवाद होता की! पण १ शमुवेल ३:१३ मध्ये देवाने त्याच्यावर ठेवलेला ठपका वेगळा आहे: मुलं काय करताहेत हे माहीत असून त्याने त्यांना आवरलं नाही.

आज परीक्षा जवळ आली की पहिली सुट्टी रविवार शाळेला मिळते. क्लास कधी बुडत नाही. घरात देवाचा नंबर कितवा, हे मुलाला त्यातूनच कळतं, आणि ते तो जन्मभर विसरत नाही. नंतर त्याच्याशी कितीही मनमोकळं बोललात तरी उपयोग नाही.

यार्देनकाठ

क्लासचा मुद्दा शंभर टक्के मान्य. तो माझ्या लेखात यायला हवा होता.

पण मग एलीच्या हाताखाली वाढलेल्या शमुवेल संदेष्ट्याचं काय? एलीच्या घरावरचा न्याय देवाने त्यालाच सांगितला, तोही लहानपणी. बापाने मुलांना आवरलं नाही तर काय होतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी त्याचे मुलगे योएल आणि अबीया बैर-शेब्यात लाच खाऊ लागले. तिथे शास्त्र शमुवेलाला ढिलाईचा दोष देत नाही. एवढंच सांगतं की म्हातारपणी त्याने मुलांना न्यायाधीश नेमलं आणि ती त्याच्या मार्गाने चालली नाहीत. पाळकाचा मुलगा म्हणून कमिटीवर, वडिलांच्या जागी खजिनदार, हे आपल्या मंडळ्यांत (चर्चमध्ये) सर्रास चालतं. त्याचा देवाशी स्वतःचा संबंध आहे का, हे कुणी विचारत नाही.

कृपेचा ऋणी

इथे दोघेही एक गोष्ट धरून चाललेत: आईबापांनी योग्य ते केलं की मुलं विश्वासात राहतात. हा धागा वाचणाऱ्या एखाद्या आईचा मुलगा देवापासून दूर गेला असेल, तर तिच्या काळजावर तुम्ही दगड ठेवताय. नीतिसूत्रे २२:६ (मुलाला योग्य वळण लाव, म्हणजे म्हातारपणीही तो ते सोडणार नाही) हे शहाणपणाचं वचन आहे, हमीपत्र नाही.

यहूदाच्या राजांची यादी बघा. देवभीरू हिज्कीयाच्या पोटी मूर्तिपूजक मनश्शे. मनश्शेच्या पोटी आमोन, तोही तसाच. आणि आमोनाच्या पोटी योशीया! आठव्या वर्षी गादीवर बसला आणि सोळाव्या वर्षी देवाचा शोध घेऊ लागला. आमोनाने त्याला कोणते धोंडे दाखवले होते? यहेज्केल १८ मध्येही नीतिमान बाप, दुष्ट मुलगा आणि पुन्हा नीतिमान नातू आहेत, आणि तिथे प्रत्येक जण आपापला जबाब देतो.

पुढे मोठा धर्मशिक्षक झालेल्या ऑगस्टीनचा बाप्तिस्मा ३८७ साली झाला, तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. त्याची आई मोनिका त्याच वर्षी वारली. तो विशीत असताना कुणी हा धागा काढला असता, तर त्यात तिचं घर अपयशी ठरलं असतं.

यार्देनकाठ

त्या आईला दोष देणं माझ्या मनातही नाही. पण योशीयाची गोष्ट तिथे संपत नाही.

त्याच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. शाफान चिटणीसाने तो राजाला वाचून दाखवला, आणि ऐकताच योशीयाने पश्चात्तापाने आपली वस्त्रं फाडली. साधारण अठरा वर्षांनी त्याचा मुलगा यहोयाकीम थंडीत शेगडीपुढे बसलाय आणि यिर्मया संदेष्ट्याच्या वचनांची गुंडाळी त्याच्यापुढे वाचली जातेय. तीन-चार रकाने वाचून झाले की तो तेवढा तुकडा चाकूने कापतो आणि विस्तवात टाकतो. सबंध गुंडाळी संपेपर्यंत! यिर्मया ३६:२४ मुद्दाम नोंदवतं की कुणी वस्त्रं फाडली नाहीत.

त्याच दालनात "जाळू नका" म्हणून विनवणाऱ्यांत गमऱ्या होता, शाफानाचा मुलगा. दुसरा मुलगा अहीकाम याने यिर्मयाचा जीव वाचवला होता, आणि नातू गदल्या याच्याकडे पुढे यिर्मयाला सोपवण्यात आलं. मला यातून दिसतं ते असं: योशीयाने फर्मान काढून देश सुधारला, पण ते फर्मान त्याच्याच मुलाच्या मनात उतरलं नाही. चिटणीसाच्या घरात मात्र वचनाबद्दलचा आदर तीन पिढ्या टिकला.

कृपेचा ऋणी

यहेज्केल ८:११ सुद्धा वाचा. मूर्तींपुढे धूप जाळणाऱ्या सत्तर वडीलजनांमध्ये याजन्या उभा आहे, आणि तोही शाफानाचा मुलगा. बरेच अभ्यासक हा तोच शाफान मानतात. एकाच घरातली भावंडं! आणि फर्मानाचं म्हणाल, तर योशीयाने सगळ्या लोकांना जमवून तो ग्रंथ वाचून दाखवला होता. शाफानाच्या घरात काय वेगळं घडत होतं, हे शास्त्र सांगत नाही. तो भाग तुम्ही भरताय.

जुनी वही

मंडळी म्हणून आपण काय करतो, त्यावरही बोलू. अमेरिकेत न्यू इंग्लंडच्या प्युरिटन (इंग्लंडहून आलेल्या कडक प्रोटेस्टंट) मंडळ्यांत पूर्ण सभासद व्हायला तारणाच्या अनुभवाची साक्ष द्यावी लागे. आजोबा समुद्र ओलांडून आले होते, त्यांच्याकडे सांगायला भरपूर होतं. मुलांकडे तसं काही नव्हतं. मग नातवंडांचा बाप्तिस्मा करायचा की नाही? १६६२ साली मधला मार्ग निघाला: अशा पालकांच्या मुलांचा बाप्तिस्मा होईल, पण पालकांना प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) नाही. पुढे नॉर्थम्प्टन गावी पाळक सॉलोमन स्टॉडर्ड यांनी प्रभुभोजनही खुलं केलं. त्यांचे नातू जोनाथन एडवर्ड्स यांनी ती प्रथा मोडायचा प्रयत्न केला, आणि १७५० साली मंडळीने त्यांनाच पाळकपदावरून काढलं.

दार रुंद केलं की विश्वास पातळ होतो, हे मला पटतं. पण आजोबांसारखीच साक्ष नातवाकडून मागितली, तर तो एक तर रचून सांगेल किंवा गप्प बसेल. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याच्याकडे, पौलाला दिमिष्काच्या वाटेवर झालेल्या दर्शनासारखं काही नव्हतं. आजी लोईस, आई युनीके आणि लहानपणापासून कानावर पडलेलं शास्त्र, एवढंच. बाप हेल्लेणी (ग्रीक). पौलाने त्याचा विश्वास "निष्कपट" म्हटला आणि त्याला कामाला लावलं.

तिसरा बाक

मी ती तिसरी पिढी. वय एकवीस. अजून उपासनेला येतो. आमच्याबद्दल इतकं बोलता, म्हणून लिहितोय.

मला सक्तीने रविवारी उठवलं याचा राग नाही. पण वडिलांनी कुणाची माफी मागितलेली मी कधी पाहिली नाही, आईचीही नाही. घरात रोज प्रार्थनेत "आम्हा पाप्यांना क्षमा कर" म्हटलं जायचं आणि जेवताना झालेल्या भांडणात मात्र चूक कायम दुसऱ्याची. पश्चात्ताप हा शब्द मी शेकडो वेळा ऐकलाय. तो करताना माणूस कसा दिसतो, हे मला बाहेरच्या एका वयस्कर सभासदाने दाखवलं. युवक संघाच्या सभेत त्यांनी मला सगळ्यांसमोर चुकीचं ठरवलं होतं. पुढच्या सभेला त्यांनी सगळ्यांसमोरच माझी माफी मागितली. मी टिकलो त्याचं मोठं कारण ते.

पहाटेचा पहारेकरी

बाळा, हे लिहिलंस ते बरं केलंस. शिस्तीबद्दलचं माझं मत मी बदलत नाही, क्लाससाठी उपासना बुडू नये हे तर मुळीच नाही. पण एली मुलांना बोलला तेव्हा त्याच्या बोलण्यात त्यांच्या पापाचाच विषय होता, हे तुझं वाचून लक्षात आलं. ते यज्ञातलं उत्तम मांस लाटत होते, आणि १ शमुवेल २:२९ प्रमाणे त्यावर पुष्ट होणाऱ्यांत देवाने एलीलाही धरलंय. त्याबद्दल तो मुलांपुढे चकार शब्द काढत नाही.

यार्देनकाठ, त्या पंधरा वर्षांच्या मुलीला तुम्ही स्वतः काय उत्तर दिलं असतं? ते लिहा. त्यावर मला वाद घालायचाय.