सेंट्रल फिन्सबरीच्या तीन मतांचं मोल किती?

कुंदा_ठाणे (धागाकर्ती):
फ्लोरा फाउंटनजवळच्या दादाभाई नवरोजींच्या पुतळ्यावरून माझी रोजची वाट. ते ब्रिटिश संसदेत गेले हे शाळेत घोकलं, पण निवडून दिलं कुणी, हे कधी विचारलंच नाही. तो मतदारसंघ लंडनचा सेंट्रल फिन्सबरी. क्लर्कनवेलच्या घड्याळ-कारागिरांचा भाग. १८८५ च्या फेररचनेत जन्मला, १९१८ ला मोडीत निघाला. दादाभाई १८८६ ला हॉबर्नमधून पडले होते. त्यावर पंतप्रधान सॉल्सबरी १८८८ मध्ये जाहीर सभेत म्हणाले, इंग्रज मतदार 'काळ्या माणसाला' निवडतील असं वाटत नाही. १८९२ ला फिन्सबरीकरांनी निवडून दिलं! मताधिक्य अवघं तीन मतांचं. माझ्या मते आपल्या स्वातंत्र्याच्या इतिहासात या मतदारसंघाला मानाचं पान हवं.

जुना_बखरकार:
कुंदाताई, मान दादाभाईंना द्या, मतदारसंघाला नको. लोकांनी मत दिलं ते लिबरल पक्षाला. बायकांना तर मतच नव्हतं. आणि १८९५ ला त्याच फिन्सबरीने त्यांना घरी बसवलं. आयसीएसची (वरिष्ठ सनदी नोकरीची) परीक्षा भारतातही घ्यावी असा ठराव १८९३ ला सभागृहात मंजूर झाला, पण सरकारने तो अमलात आणला नाही. मग पदरात काय पडलं?

रानजाई:
बखरकारांशी सहमत. १८९५ लाच लंडनच्या बेथनल ग्रीन ईशान्य मतदारसंघातून आपल्या मुंबईचेच मंचरजी भावनगरी निवडून आले, तेही हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाकडून, आणि काँग्रेसला त्यांचा विरोध. १९०० ला पुन्हा आले. म्हणजे भारतीय माणूस निवडला म्हणून तिथल्या मतदाराला भारताची कळकळ होती, असं कसं म्हणायचं? (तरी दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांसाठी भावनगरी संसदेत झगडले, हे विसरून चालणार नाही.)

कुंदा_ठाणे:
रानजाई, कळकळ होती असं मी म्हटलंच नाही. पंतप्रधानाने रंगावर बोट ठेवल्यावरही मतपत्रिकेवर फुली मारताना मतदारांचा हात अडला नाही, मला त्याचं मोल आहे. बखरकार, १८९५ ला लिबरल पक्ष देशभर आपटला, एकट्या फिन्सबरीला बोल का लावता? आणि पदरात पडलंच. भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगावर दादाभाई सदस्य म्हणून बसले. देशाचा पैसा बाहेर कसा वाहून जातो, हे तिथे आकड्यांनिशी सरकारी दप्तरात नोंदवलं गेलं. शपथही त्यांनी बायबलवर नाही, खोर्देह अवेस्ता या पारशी प्रार्थनाग्रंथावर घेतली.

जुना_बखरकार:
वेल्बी आयोगाचा मुद्दा मान्य. मतदारसंघाच्या मानाचा नाही. तीन मतं इकडची तिकडे झाली असती तर आज आपण फिन्सबरीला नावं ठेवत बसलो असतो.

कुंदा_ठाणे:
झाली नाहीत ना पण!