मदत हवी आहे : खड्ड्यात भाजलेलं मातीचं शिल्प भिंतीवर दिवा म्हणून कसं लावू?

मंडळी, कोकणातल्या घराच्या पडवीसाठी मातीचे भिंतीवरचे दिवे करतेय. शिंपल्यासारखा अर्धगोल आकार, आत बल्ब, उजेड भिंतीवर पसरणार. गोट्याने घोटून, भुसा, शेणी, खडेमीठ आणि किंचित मोरचूद (कॉपर सल्फेट) घालून खड्ड्यात भाजलेत. (मोरचूद वापरणाऱ्यांनी मास्क लावा आणि धुराच्या उलट्या बाजूला उभं राहा.) काळ्या धुराच्या छटेत मध्येच गुलाबी-तांबूस डाग उमटलेत, त्यांवर ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) चढवायचा जीव होत नाही.

अडचण पुढे आहे. खड्ड्यातल्या आचेला माती काचेसारखी घट्ट होत नाही, सच्छिद्र राहते. पावसाळ्यात ओल पिणारच. मधमाशीचं मेण चोळलं तर रंग खुलतात, पण ते साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. एलईडीचीही बुडाची बाजू तापते, त्यात आकार वरून बंद. वर फट ठेवली तर पुरेल का? की मेणाऐवजी दगडावर ओल अडवायला लावतात तो सीलर बरा? त्याने रंग गडद होतात का?

दुसरं, भिंत चिऱ्याची (जांभ्या दगडाची) आहे. ड्रिल मारलं की भुगा पडतो आणि प्लग सैल बसतो. एकेक नग तीनेक किलोचा. मागे नुसतं भोक पाडून खिळ्यावर टांगायला धजत नाही, कारण ही माती काठाला पटकन टवका देते. लोखंडी पट्टी भिंतीला आणि शिल्प पट्टीला, असं कुणी केलंय का? चिऱ्यात नेमकं काय धरतं? फोटो असतील तर जरूर टाका.